कॅन्सर उपचार आणि संशोधनाचं सामायिक केंद्र कसं उभारायचं

रुग्णालय, विद्यापीठ आणि एखादी संशोधन संस्था मिळून कॅन्सर केंद्र काढायचं ठरलं की पहिल्या बैठकीत बहुतेक वेळा दोनच विषय निघतात: जागा कुठे आणि मशीन कोणतं. या प्रश्नांची पाळी जरा नंतरची आहे. असं केंद्र अडतं ते सांध्यांवर. बायोप्सीचा तुकडा थिएटरमधून लॅबमध्ये जातो, रुग्ण सर्जनकडून रेडिएशनकडे जातो, माहिती वॉर्डातून संशोधकाकडे जाते, आणि अशा प्रत्येक ठिकाणी एका संस्थेची जबाबदारी संपून दुसरीची सुरू होते. म्हणून कामाची सुरुवात एका मोठ्या कागदावर करा. संशय आल्यापासून पाच वर्षांच्या फॉलोअपपर्यंत रुग्णाचा प्रवास डावीकडून उजवीकडे मांडा, त्याखाली नमुन्याचा प्रवास, त्याखाली माहितीचा. जिथे जिथे संस्था बदलते तिथे लाल खूण करा आणि त्या खुणेपाशी हुद्दा लिहा: द्यायचं कोणी, घ्यायचं कोणी, किती वेळात. हुद्दा लिहिता येत नसेल, तर आराखड्यात तिथेच भोक आहे.

आधी आकडेमोड

किती मशीन, किती खुर्च्या हे शेजारच्या केंद्राकडे बघून ठरवू नका. वर्षाला किती नवे रुग्ण येतील यावरून ठरवा. नमुन्यादाखल वर्षाला २,००० नवे रुग्ण धरू.

कॅन्सरच्या साधारण निम्म्या रुग्णांना कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर रेडिएशन लागतं. म्हणजे १,०००. काहींना ते पुन्हा द्यावं लागतं. त्यासाठी २० टक्के जोडले की १,२०० उपचारक्रम झाले. एका क्रमात सरासरी १८ बैठका धरल्या तर वर्षाला २१,६००, आणि कामाचे दिवस २५० धरले तर रोज सुमारे ८६. बैठकीला १५ मिनिटं आणि दिवस १० तासांचा असेल तर एका मशीनवर ४० रुग्ण होतात. उत्तर २.२ येतं, पण मशीन बंद पडतं, देखभालीला जातं, आणि गुंतागुंतीच्या उपचाराला १५ मिनिटं पुरत नाहीत. तीन मशीन धरा. एका मशीनमागे वर्षाला ४५० उपचारक्रम या नियोजनातल्या जुन्या ठोकताळ्यानेही तीनच येतात.

केमोचा हिशेबही असाच. ५५ टक्के रुग्ण, प्रत्येकी ८ खेपा, खेपेला सरासरी ३ तास: २६,४०० खुर्ची-तास. एक खुर्ची रोज ९ तास, २५० दिवस, ७० टक्के भरलेली असेल तर १,५७५ तास देते. म्हणजे १७ खुर्च्या. ७० टक्क्यांच्या जागी ९५ धरून खुर्च्या कमी करायचा मोह होतो. तो आवरा, कारण रक्ताचा रिपोर्ट उशिरा आला किंवा कोणाला ड्रिप सुरू असताना थंडी वाजून आली की पुढची सगळी रांग सरकते. १८ बैठका, ८ खेपा, ३ तास हे सगळे आकडे तुमच्या भागातले कोणते कॅन्सर जास्त यावर बदलतात. ते स्वतःच्या जुन्या नोंदींतून काढा आणि इथे फक्त रीत घ्या.

करारात काय हवं

सहकार्याचा इरादा सांगणारं दोन पानी पत्रक पुरत नाही. सविस्तर करार बांधकामाची निविदा निघण्याआधी सह्या होऊन तयार हवा, आणि त्यात निदान या गोष्टी स्पष्ट असाव्यात.

रुग्णाची वैद्यकीय जबाबदारी कोणत्या क्षणी कोणाकडे. मध्यरात्री केमोनंतर ताप आला, तातडीचा विभाग दुसऱ्या संस्थेचा आहे, तर निर्णय कोणाचा? हे उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. पांढऱ्या पेशी उतरलेल्या रुग्णाला ३८.३ अंश सेल्सिअस ताप असेल, किंवा ३८ अंश तासभर टिकला असेल, तर दारात आल्यापासून तासाच्या आत अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला हवं. तिथे ‘आमच्या पेशंटची फाइल त्यांच्याकडे आहे’ असं म्हणत तास निघून जातो. प्रत्येक केमो रुग्णाजवळ कार्ड द्या: औषधं, शेवटच्या डोसची तारीख, ‘ताप म्हणजे तातडी’ हे ठळक, आणि २४ तास उचलला जाणारा फोन. तातडीच्या विभागाला मात्र फोनची वाट न बघता पहिला डोस द्यायची लेखी मुभा हवी.

नमुने आणि माहिती यांची मालकी, ताबा आणि वापराचा हक्क या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्याच लिहा. एखाद्या संशोधकाने नमुना मागितला तर कोणती समिती, किती दिवसांत, कोणत्या निकषांवर उत्तर देईल हेही लिहा. मुदत नसली की अर्ज पडून राहतात, आणि मग प्रत्येक विभाग आपापल्या फ्रिजरमध्ये खासगी साठा करू लागतो.

माणसांच्या बाबतीत दुहेरी नेमणूक हा चांगला मार्ग आहे, पण ‘संशोधनासाठी वेळ मिळेल’ हे वाक्य निरुपयोगी आहे. आठवड्यातला कोणता दिवस, त्या दिवशी ओपीडी कोण बघणार, आणि पगाराचा तेवढा भाग कोणत्या संस्थेच्या खात्यातून, असं लिहा. ओपीडीचा बदली डॉक्टर ठरलेला नसेल तर संशोधनाचा दिवस पहिल्याच गर्दीत जातो.

पैशांत मशीनच्या किमतीइतकंच महत्त्व देखभाल कराराला द्या. उपकरणांसाठी देणगी मिळते, फिजिसिस्टच्या (किरणांचा डोस मोजून तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या) पगारासाठी सहसा मिळत नाही. उपकरण आहे पण चालवायला माणूस नाही, ही अवस्था त्यातूनच येते.

आणि फारकत. एक भागीदार बाहेर पडला तर नमुने, माहिती, सुरू असलेल्या औषध-चाचण्यांतले रुग्ण आणि किरणोत्सारी स्रोत कोणाकडे जाणार? १९८५ च्या अखेरीला ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात एक रेडिओथेरपी संस्था जागा सोडून गेली आणि सीझियम-१३७ चं मशीन जुन्या इमारतीत तसंच राहिलं. १९८७ च्या सप्टेंबरात भंगार शोधणाऱ्यांनी त्याचा भाग उचकटून नेला. चार जण दगावले, २४९ जणांना किरणोत्सारी द्रव्य लागल्याचं आढळलं. स्रोत परत घेण्याची हमी पुरवठादाराकडून खरेदीच्या वेळीच घ्या, आणि परवान्यावर नाव कोणाचं आहे, ती व्यक्ती नोकरी सोडून गेली तर पुढे कोण, हे करारात लिहा.

बंकर

सगळ्या बांधकामात नंतर दुरुस्त करायला सगळ्यात महाग असते ती लिनॅकच्या, म्हणजे रेडिएशन देणाऱ्या मशीनच्या खोलीची (बंकरची) भिंत. जाडीचा हिशेब तत्त्वतः सोपा आहे. भिंतीपलीकडे आठवड्याला चालण्याजोगा डोस गुणिले अंतराचा वर्ग. याला मशीनचा आठवड्याचा एकूण डोस, झोत त्या भिंतीकडे वळलेला असण्याचा वाटा आणि पलीकडच्या जागी माणसाच्या वावराचा वाटा या तिघांच्या गुणाकाराने भागायचं. भिंतीतून किती अंश बाहेर आलेला चालेल हे त्यातून मिळतं.

उदाहरणार्थ, सर्वसामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसीव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप) चालतो, म्हणजे आठवड्याला ०.०२. स्रोतापासून भिंतीच्या ३० सेंटिमीटर पलीकडच्या बिंदूपर्यंत अंतर ६ मीटर. मशीनचा भार १ मीटरवर आठवड्याला ५०० ग्रे (इथे १ ग्रे म्हणजे १,००० मिलिसीव्हर्ट धरा), झोताचा वाटा पाव, वावर पूर्ण. उत्तर येतं दहा लाखांत ५.८ भाग. डोस एक दशांशावर आणणारे ५.२४ थर लागतात. ६ एमव्हीच्या (मेगाव्होल्ट, झोताच्या ऊर्जेचं माप) झोताला साध्या काँक्रीटचा पहिला थर ३७ सेंटिमीटर आणि पुढचा प्रत्येक ३३, म्हणून भिंत साधारण १७७ सेंटिमीटर. १० एमव्हीला ४१ आणि ३७, म्हणजे १९८. भिंतीपलीकडे ऑफिसऐवजी कॉरिडॉर असेल आणि वावर एक पंचमांश धरला तर ६ एमव्हीची भिंत सुमारे २३ सेंटिमीटरने बारीक होते. वरच्या मजल्यावर आणि भिंतीपलीकडे काय येणार हे आर्किटेक्टने आधी का ठरवायचं, ते यावरून कळेल. हा अंदाज जागा आणि खर्च ठरवण्यापुरता. अंतिम हिशेब आणि परवान्याची कागदपत्रं अधिकृत फिजिसिस्टनेच करायची, त्यात विखुरलेले आणि गळतीचे किरणही येतात.

१० एमव्हीच्या वर गेलात की न्यूट्रॉन तयार होतात. दरवाजात बोरॉनमिश्रित पॉलिथिलीन लागतं, दरवाजा जड होतो, खर्च चढतो. झोताची दिशा बदलत देण्याच्या आजच्या पद्धतींमुळे बहुतेक उपचार ६ आणि १० एमव्हीत होतात. त्यापुढच्या ऊर्जेचा आग्रह धरणाऱ्याला किती रुग्णांसाठी ते विचारा.

काम सुरू झाल्यावर बिघडतं ते असं. काँक्रीटची घनता घनमीटरला २.३५ टन धरलेली असते, पण साइटवर फक्त ताकदीची चाचणी होते. चाचणीचे काँक्रीटचे क्यूब तोडण्याआधी त्यांचं वजन करून घनताही नोंदवा. ओतकामात मध्येच खंड पडला तर तिथे सांधा राहतो. शटरिंगचे टाय-रॉड काढल्यावर आरपार भोकं उरतात. एसीचे डक्ट आणि केबलचे पाइप कोणी तरी सरळ मुख्य भिंतीतून काढतो. ते मुख्य झोताच्या भिंतीतून न्यायचेच नसतात, इतर ठिकाणीही तिरपे किंवा वाकवून नेतात. मोजमापाच्या केबलसाठीचा पाइप बहुतेकदा विसरला जातो आणि मग फिजिसिस्ट आयुष्यभर दरवाजाखालून वायर ओढतो. मशीन आत नेण्याचा रस्ता, त्यावरच्या स्लॅबची ताकद, वळणं आणि लिफ्टची उंची आधी मोजा. जमेल तर एक रिकामा बंकर आत्ताच बांधून ठेवा. मशीन बदलायची वेळ आली की उपचार न थांबवता बदलता येतं, कारण नवं तिथे बसवून मग जुनं काढायचं.

मशीन बसलं म्हणजे उपचार सुरू झाले असं नाही. स्वीकृती चाचण्या, किरणझोताची मोजणी, नियोजनाच्या संगणकात ती भरणं, आणि शेवटी पुतळ्यावर सीटी स्कॅनपासून डोस मिळेपर्यंतची पूर्ण तालीम, याला महिने लागतात. उद्घाटनाची तारीख आधी ठरवली की हेच महिने कापले जातात. मूळ कॅलिब्रेशनमधली चूक त्या मशीनवरच्या प्रत्येक रुग्णापर्यंत पोचते, म्हणून पहिल्या रुग्णाआधी बाहेरच्या कोणाकडून स्वतंत्र डोस तपासणी करून घ्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून टपालाने डोसमापक पाठवून अशी तपासणी करतात. तुमचा आणि त्यांचा आकडा ५ टक्क्यांच्या आत जुळला पाहिजे. त्यानंतर मशीनचं आउटपुट (मिळणारा डोस) ठरलेल्या आकड्याशी रोज सकाळी ३ टक्क्यांत, महिन्याला २ टक्क्यांत, वर्षाला १ टक्क्यात. मर्यादा ओलांडली तर मशीन थांबवायचा अधिकार फिजिसिस्टला लेखी द्या, आणि तो कोणाला विचारून नको.

ब्रॅकीथेरपीचा (स्रोत शरीरात गाठीजवळ ठेवून देण्याच्या रेडिएशनचा) इरिडियम-१९२ स्रोत ७४ दिवसांत निम्मा होतो. दर ३-४ महिन्यांनी तो बदलायचा खर्च चालू खर्चात धरा. लांबवला तर उपचार चुकत नाही, पण १० मिनिटांची बैठक २० मिनिटांची होते आणि यादी कोलमडते. पेट (PET) स्कॅनसाठी टोचायचं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ तर ११० मिनिटांतच अर्धं होतं. ते बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, ३ तास ४० मिनिटांवर असेल तर पोचेपर्यंत पाव उरतं. इंजेक्शननंतर तासभर रुग्ण स्वतःच किरणांचा स्रोत असतो, त्याला वेगळी खोली आणि वेगळं शौचालय हवं.

नमुना: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

बंकर महाग असल्यामुळे त्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. संशोधनाचा दर्जा मात्र फॉर्मॅलिनच्या बरणीत ठरतो. तिथे बिघडलेला नमुना पुढे कितीही महागड्या सिक्वेन्सिंगने (जनुकांच्या वाचनाने) सुधारत नाही.

नियम थोडे आहेत. तुकडा शरीरातून निघाल्यापासून तासाच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा. फॉर्मॅलिन नमुन्याच्या दहापट. भिनण्याचा वेग तासाला साधारण १ मिलिमीटर, म्हणून मोठा अवयव अख्खा बुडवून ठेवला तर मधला भाग कुजतो. त्याला ५ ते १० मिलिमीटरवर काप द्यावे लागतात. ते काप पॅथॉलॉजीच्या माणसानेच द्यायचे, आणि कडांना शाई लावल्यानंतरच. नाहीतर कॅन्सर कडेपर्यंत पोचला होता का हे कधीच कळत नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या रिसेप्टर तपासण्यांसाठी (कोणतं औषध लागू पडेल हे यांवरून ठरतं) फॉर्मॅलिनमधला वेळ ६ ते ७२ तासांत असावा लागतो. सगळ्याच नमुन्यांना हाच नियम लावा, सोपं पडतं.

आता सुट्ट्यांचा हिशेब बघा. शुक्रवारी संध्याकाळी ६ ला बुडवलेला नमुना सोमवारी सकाळी ९ ला काढला तर ६३ तास, चालेल. सोमवारी सुट्टी असली की मंगळवारी ८७ तास, गेला. म्हणजे जोडून सुट्टीच्या वेळी एक तंत्रज्ञ कामावर हवा, किंवा प्रोसेसिंग मशीन वेळ लावून ठेवायचं. ही गोष्ट प्रोटोकॉलच्या फाइलमध्ये बहुधा नसते, ड्युटीच्या तक्त्यात असावी लागते. बरणीवर दोन वेळा लिहायची सवय लावा: तुकडा निघाला ती, आणि बुडवला ती. थिएटरमध्ये हे लिहिणार कोण? फिरत्या नर्सकडे द्या, आणि भिंतीवरचं घड्याळ लॅबच्या घड्याळाशी जुळवा.

हाडाचे नमुने मऊ करायला तीव्र ॲसिड वापरलं की डीएनए जातो. त्याऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरा. वेळ जास्त लागतो, हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा म्हणजे ‘रिपोर्ट का नाही’ असे फोन येणार नाहीत.

संशोधनासाठी ताजा तुकडा हवा असेल तर एकच नियम: निदान आधी. किती कापायचं, कुठून कापायचं हे पॅथॉलॉजिस्ट ठरवेल, थिएटरमध्ये उभा असलेला संशोधक नाही. त्या तुकड्याच्या शेजारचा काप स्लाइडवर बघा, त्यात कॅन्सरच्या पेशी पुरेशा आहेत का. नुसता सुजलेला किंवा मृत भाग गोठवून ठेवलेल्या बायोबँका (नमुन्यांच्या बँका) कमी नाहीत.

रक्तातला मोकळा डीएनए तपासायचा असेल तर साध्या ईडीटीए ट्यूबवर शक्यतो ४ तासांच्या आत काम व्हायला हवं. सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवायचं: आधी १,६०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १,६०० पट जोर), मग वरचा प्लाझ्मा काढून १६,००० जी, दोन्ही १० मिनिटं. उशीर झाला की पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए मिसळतो आणि ट्यूमरचा अंश शोधता येईनासा होतो. रक्त घेण्याची जागा लांब असेल तर पेशी टिकवणाऱ्या खास ट्यूब घ्या. महाग आहेत, पण फुकट गेलेल्या नमुन्याहून स्वस्त.

फ्रिजर उणे ८० चे किंवा द्रव नायट्रोजनच्या वाफेचे. प्रत्येक नमुन्याचे भाग दोन वेगवेगळ्या फ्रिजरमध्ये, जमलं तर दोन इमारतींत ठेवा. भागीदार दोन असण्याचा इथे खरा फायदा होतो. दहा फ्रिजरमागे एक सुरू पण रिकामा ठेवा. अलार्म माणसाच्या फोनवर जायला हवा, पहिला उचलत नसेल तर दुसऱ्याच्या, आणि महिन्यातून एकदा रात्री मुद्दाम वाजवून बघा. १ लिटर द्रव नायट्रोजनपासून सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि बंद खोलीत तो ऑक्सिजनची जागा घेतो, १९.५ टक्क्यांना वाजणारा ऑक्सिजन अलार्म आत आणि दाराबाहेर दोन्हीकडे बसवा. नायट्रोजनचा पिंप लिफ्टमधून एकटाच जाईल, सोबत माणूस नाही. खालून पाठवायचा, वर दुसऱ्याने घ्यायचा, मधल्या मजल्यांवर कोणी चढू नये म्हणून दारात पाटी.

संमतीपत्रात भविष्यातलं संशोधन, इतर संस्थांना नमुना देणं, पुन्हा संपर्क साधणं आणि संमती मागे घेणं यांना वेगवेगळ्या चौकटी द्या, आणि त्यांची उत्तरं नमुन्याच्या नोंदीत संगणकाला वाचता येतील अशी भरा. स्कॅन केलेल्या कागदावरून कोणता नमुना वापरायचा नाही हे फ्रिजरपाशी उभ्या माणसाला कळत नाही. संशोधनात आनुवंशिक धोक्याचं जनुक सापडलं तर रुग्णाला सांगायचं का, कोणी, आणि आधी मान्यताप्राप्त लॅबमध्ये खात्री करून की कसं, हे पहिल्या नमुन्याच्या आधी ठरायला हवं.

केमो

औषधं तयार करायची खोली ऋण दाबाची, शेजारच्या खोलीपेक्षा २.५ ते ७.५ पास्कलने कमी. हवा तासाला निदान ३० वेळा बदलणारी. आणि सेफ्टी कॅबिनेटची हवा इमारतीबाहेर सोडणारी. इथली हवा आणि बोन मॅरो प्रत्यारोपणाच्या वॉर्डाची हवा नेमकी उलटी असते. त्या वॉर्डात धन दाब, हेपा फिल्टर (बारीक कण अडवणारे) आणि तासाला निदान १२ बदल लागतात. दोन्हींचे डक्ट एकाच कंत्राटदाराकडे असतील तर उलटसुलट जोडलं नाही ना हे धूर सोडून बघा. बोन मॅरो वॉर्ड सुरू झाल्यावर शेजारी तोडफोड काढू नका; धुळीतून ॲस्परजिलस बुरशी येते आणि या रुग्णांना ती जीवघेणी ठरते.

एक नियम भिंतीवर लावा: व्हिनक्रिस्टिन हे केमोचं औषध सिरिंजमध्ये भरायचंच नाही, ५० मिलिलिटरच्या सलाइन पिशवीतच द्यायचं. मणक्यात द्यायच्या औषधाच्या जागी ते चुकून गेलं तर रुग्ण वाचणं जवळपास अशक्य असतं, आणि पिशवी कोणी मणक्यात देणार नाही. मणक्यातली इंजेक्शनं वेगळ्या खोलीत आणि शक्यतो वेगळ्या दिवशी. शिरेबाहेर औषध गेल्यास लागणारा संच प्रत्येक खोलीत असावा. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांवर डेक्सराझोक्सेन लागतं, तेही ६ तासांच्या आत. ते दूरच्या गोदामात असून उपयोग नाही.

महाग औषधांची नासाडी टाळायची सोपी युक्ती म्हणजे एकाच औषधाचे रुग्ण एका दिवशी बोलावणं. फार्मासिस्ट आणि अपॉइंटमेंटवाले एकमेकांशी बोलत असतील तर ती जमते.

ट्यूमर बोर्ड

सहकार्य आठवड्यातून एकदा नजरेस पडतं ते इथे, सगळ्या विभागांचे डॉक्टर मिळून एकेका रुग्णाचा उपचार ठरवतात त्या बैठकीत. यादी ४८ तास आधी बंद करा, म्हणजे रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट स्वतः स्कॅन आणि स्लाइड बघून येतील; रिपोर्ट वाचून दाखवायला त्यांची गरज नसते. ज्याची तपासणी अपुरी आहे त्याची चर्चा करू नका, कोणती तपासणी कोणी कधीपर्यंत करायची एवढं लिहून पुढे जा. निर्णय बैठकीतच पडद्यावर टाइप व्हावा: टप्पा, टीएनएमची (टप्पा ठरवायच्या पद्धतीची) कोणती आवृत्ती, उपचाराचा क्रम, कोणत्या चाचणीसाठी रुग्ण बसतो, आणि रुग्णाला हे कोण सांगणार. नंतर उपचार बदलला तर कारण नोंदवा. नर्स आणि पॅलिएटिव्ह केअरचा (वेदना आणि त्रास कमी करणारा) डॉक्टर बैठकीत हवाच. रुग्ण घरी चालू शकतो का, पुन्हा पुन्हा येणं त्याला परवडेल का, हे बहुधा त्यांनाच माहीत असतं. वरिष्ठ सर्जन बोलल्यावर सगळे गप्प होत असतील तर अध्यक्षपद फिरतं ठेवा आणि त्यांना शेवटी बोलू द्या.

चाचण्या आणि माहिती

तीन संस्थांच्या तीन एथिक्स कमिट्यांनी एकच प्रोटोकॉल (चाचणीचा आराखडा) तीनदा तपासला की महिने जातात आणि तीन वेगळी संमतीपत्रं तयार होतात. नियम परवानगी देत असतील तर एकीने तपासायचं आणि इतरांनी मान्य करायचं असा करार करा. स्थानिक हरकतीला ठरावीक दिवस द्या.

चाचणी घेण्याआधी किती रुग्ण मिळतील याचा अंदाज डॉक्टरांना विचारून लावू नका. गेल्या वर्षभराच्या नोंदींवर पात्रतेच्या अटी एकेक लावून बघा. लुई लासान्या या औषधशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक चेष्टेचा नियम आहे की चाचणी सुरू झाली की त्या आजाराचे रुग्ण गायब होतात. हसण्यावारी नेऊ नका. गंभीर दुष्परिणाम कळल्यापासून २४ तासांत प्रायोजकाला कळवायचा असतो, आणि रुग्ण दुसऱ्या भागीदाराच्या आयसीयूत दाखल असेल तर संशोधन नर्सला ते कळतच नाही. दाखल होण्याच्या नोंदीत ‘चाचणीतील रुग्ण’ असा झेंडा लागला की तिला आपोआप मेसेज जाईल अशी सोय करा.

माहितीत पहिलं काम म्हणजे सगळ्या भागीदारांत रुग्णाला एकच क्रमांक. दुसरं, थोडकी पण प्रत्येकाची भरलीच पाहिजे अशी नोंद: जागा आणि प्रकार आयसीडी-ओ-३ या कॅन्सर नोंदीच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत, निदानाची तारीख आणि ती कशावरून ठरवली, टप्पा, पहिल्या उपचाराच्या तारखा, आजार परतल्याची तारीख, शेवटचा संपर्क, मृत्यू. तीनशे रकान्यांचा अर्धवट भरलेला तक्ता कोणाच्या कामाचा नसतो. मृत्यूची तारीख नोंदणी कार्यालयाशी जोडून मिळवा. न आलेला रुग्ण जिवंत धरला तर तुमचे निकाल फुकट चांगले दिसतात. माहिती एकत्र हलवणं अवघड असेल तर ती जागीच ठेवून गणित तिथे पाठवा आणि फक्त बेरजा परत आणा, त्यासाठी रकान्यांचे अर्थ मात्र सगळीकडे सारखे लागतात. स्कॅन देताना फाइलमधलं नाव काढणं पुरत नाही: अल्ट्रासाउंडच्या चित्रातच नाव छापलेलं असतं, आणि डोक्याच्या सीटीवरून चेहरा उभा करता येतो.

कोणत्या क्रमाने उघडायचं

माणसं मशीनच्या आधी नेमा. फिजिसिस्ट बंकरच्या नकाशाच्या वेळी हवा, पॅथॉलॉजिस्ट थिएटरच्या, संशोधन नर्स पहिल्या चाचणीच्या सहा महिने आधी. पॅथॉलॉजी, इमेजिंग, ट्यूमर बोर्ड आणि पॅलिएटिव्ह केअर पहिल्या दिवसापासून; तोंडाने घ्यायचं मॉर्फिन साठवायचा परवाना त्याआधी. मग केमो डे-केअर आणि ऑपरेशन. त्यानंतर रेडिएशन. बायोबँक आणि नोंदणी पहिल्या रुग्णापासून लहान प्रमाणात, कारण मागच्या तारखेने ती भरता येत नाही. औषध कंपन्यांच्या उशिराच्या टप्प्यांतल्या चाचण्यांनी सुरुवात करा. माणसात पहिल्यांदाच द्यायच्या औषधांच्या चाचण्या आयसीयू, २४ तास लॅब आणि अनुभवी नर्स असल्याशिवाय घेऊ नका. बोन मॅरो प्रत्यारोपण सर्वात शेवटी.

पहिल्या वर्षात दर महिन्याला एका पानावर हे आकडे काढा: संशयापासून निदानापर्यंत दिवस, निदानापासून पहिल्या उपचारापर्यंत दिवस, बोर्डासमोर आलेल्या रुग्णांचं प्रमाण, रेडिएशनच्या चुकलेल्या बैठका आणि त्यांची कारणं, तापाच्या रुग्णाला अँटिबायोटिकपर्यंत लागलेली मिनिटं, दोन्ही वेळा लिहिलेल्या बरण्यांचं प्रमाण, नमुन्याच्या अर्जाला उत्तर मिळायला लागलेले दिवस. सरासरीसोबत सर्वात जास्त थांबलेल्या दहा रुग्णांची यादी घ्या आणि प्रत्येकजण कोणत्या सांध्यावर अडकला ते बघा. एकच सांधा तीन महिने लागोपाठ वर आला तर दोन्ही बाजूंच्या हुद्द्यांना एका टेबलाशी बसवून तिथला नियम बदला, आणि करारातलं त्याचं परिशिष्टही त्याच आठवड्यात सुधारून घ्या.